हर्षल आणि घरी घासलेला आरसा

पंचांगातील ग्रहांची कोष्टके पाहिलीत, तर शनीच्या पुढे एक नाव आढळेल : हर्षल. वर्तमानपत्रातील राशिभविष्यातही हा हर्षल अधूनमधून डोकावतो आणि कोणाच्या तरी नोकरीत, नाहीतर प्रवासात खोडा घालून जातो. नाव इतके घरचे वाटते की, ‘हर्ष’ ह्या शब्दापासून ते आले असावे असा पुष्कळांचा समज असतो. मुलांची नावे हर्षल ठेवतात तीही बहुधा त्याच अर्थाने. पण ग्रहाचे हे नाव संस्कृतातले नव्हे. ते आहे हॅनोव्हरच्या पलटणीत वाद्य वाजविणाऱ्या एका जर्मन माणसाच्या मुलाचे आडनाव. जगाने पुढे ह्या ग्रहाला युरेनस म्हटले. आपण मात्र तो ज्याने शोधला त्याचेच नाव जपून ठेवले, आणि ते इतके आपलेसे केले की त्याचा मूळ धनी विस्मरणात गेला.

ह्या धन्याचे नाव विल्यम हर्शेल. धंद्याने तो संगीतशिक्षक. ग्रह त्याने शोधला तो कोणत्याही राजाच्या वेधशाळेत नव्हे, तर भाड्याच्या घरामागच्या बागेत. आणि ज्या दुर्बिणीने शोधला तिचा आरसा त्याने स्वतःच्या हातांनी घासलेला होता. आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे तो घरच्या घरी केलेल्या दुर्बिणींचा इतिहास. पण तो सांगताना हर्शेलच्या घरी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम एक माप घ्या. पृथ्वीवरून हर्षलाची चकती किती मोठी दिसते? एक इंच रुंदीचे नाणे कोणी सव्वा किलोमीटरवर उभे राहून तुमच्या दिशेने धरले, तर ते जेवढे दिसेल तेवढी. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी ती चकती म्हणून दिसणारच नाही. दुर्बिणीचे खरे काम हे असे असते. दूरचे जवळ आणणे हा बोलण्याचा प्रकार झाला. दूरचा ठिपका हा ठिपकाच आहे की त्याला काही रुंदी आहे, ह्याचा निवाडा करणे ही खरी परीक्षा. ह्या परीक्षेत बाजारातल्या पुष्कळ दुर्बिणी नापास होत. पैसे टाकून चांगली वस्तू मिळत नाही म्हटल्यावर गरजवंताला ती स्वतः करावी लागते. दुर्बिणीच्या बाबतीत हे अगदी आरंभापासून घडत आले आहे.

आरंभ १६०८ सालचा. त्या वर्षी ऑक्टोबरात हॉलंडमधील लिपरहे नावाच्या चष्मे करणाऱ्या कारागिराने दूरचे जवळ दाखविणाऱ्या नळीचे पेटंट मागितले. ते त्याला मिळाले नाही, कारण आपणही ही नळी करू शकतो असे म्हणणारे दुसरे पुढे आले. बातमी पसरली. १६०९ च्या उन्हाळ्यात ती पादुआच्या विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या गॅलिलिओच्या कानांवर गेली. गॅलिलिओने नळी विकत घेतली नाही, करायला घेतली. ऑगस्टमध्ये त्याने व्हेनिसच्या पुढाऱ्यांना घंटाघराच्या मनोऱ्यावर नेले आणि नुसत्या डोळ्यांना दिसायच्या आधी दोन तास, बंदराकडे येणारी गलबते त्यांना दाखविली. व्यापारी आणि आरमारी शहर ते. त्यांना ह्या खेळण्याची किंमत ताबडतोब कळली. गॅलिलिओचा पगार वाढला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातले एक पत्र आहे. गॅलिलिओला आलेले. त्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने व्हेनिसहून आणायच्या सामानाची यादी लिहून ठेवली आहे. ही यादी मला त्याच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा बोलकी वाटते. तीत मसूर आहेत, हरभरे आहेत, तांदूळ, मनुका, साखर, मिरे, लवंगा, दालचिनी आहे. हस्तिदंती फण्या आहेत. लहानग्या व्हिन्चेन्झोसाठी, म्हणजे मुलासाठी, टोपी आहे. आणि ह्याच यादीत तोफेचे दोन गोळे, ऑर्गनची एक कथलाची नळी, सपाट केलेली जर्मन काच, आरशाचे तुकडे, झिलईची माती, राळ, नमदा! तोफेचे गोळे कशाला? लढाईला नव्हे. काचेला खोलगट बाक द्यायचा तर ती गोल पृष्ठावर घासावी लागते, आणि तोफेच्या गोळ्याइतकी नेमकी गोल वस्तू बाजारात सहज दुसरी कुठली मिळणार? ऑर्गनची नळी ही दुर्बिणीची नळी. किराणा आणि खगोलशास्त्र एकाच कागदावर. ह्या यादीनंतर दीड-दोन महिन्यांनी, ७ जानेवारी १६१० रोजी, गुरूच्या शेजारी त्याला तीन बारीक तारे दिसले. गुरूला उपग्रह आहेत ह्या शोधाचा तो पहिला दिवस. पुढे त्याने लिहून ठेवले आहे की, साठाहून अधिक दुर्बिणी मोठ्या खर्चाने व कष्टाने केल्या, त्यांतल्या अगदी थोड्याच हे उपग्रह दाखविण्याच्या लायकीच्या निघाल्या. हे प्रमाण ध्यानात ठेवा.

भिंगाच्या दुर्बिणीला एक जन्मजात खोड होती. साध्या भिंगातून जाणारा प्रकाश रंगांत फुटतो आणि वस्तूभोवती इंद्रधनुष्याची किनार दिसते. ती कमी करायची तर भिंगाचा बाक अगदी थोडा ठेवायचा, आणि मग नळी वीस, तीस, शंभर फूट लांब. न्यूटनने ह्यावर १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. आरशावरून परतणारा प्रकाश फुटत नाही. त्याची दुर्बीण वीतभर लांबीची होती, आरसा जेमतेम सव्वा इंचाचा, पण तीही त्याने स्वतःच घडविली; धातू ओतण्यापासून घासण्यापर्यंत. म्हातारपणी कोणीतरी त्याला विचारले की, हत्यारे कोणाकडून करून घेतलीत? तर म्हणाला, तीही मीच केली. दुसऱ्यांची वाट पाहत बसलो असतो तर काहीच झाले नसते. हे उत्तर न्यूटनच्या स्वभावाला धरूनच आहे. असो.

आता हर्शेलकडे वळू.

विल्यम हर्शेल जन्मला १७३८ साली. तरुणपणी पलटणीची नोकरी सोडून तो इंग्लंडात आला आणि बऱ्याच खटपटीनंतर बाथ ह्या गावी एका चॅपेलमध्ये ऑर्गनवादक म्हणून स्थिर झाला. बाथ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे, श्रीमंतांनी हवा खायला यायचे ठिकाण. शिकवण्या भरपूर, दिवसाला सात-आठ धडेही होत. १७७२ मध्ये त्याने हॅनोव्हरहून आपली धाकटी बहीण कॅरोलीन हिला आणले. ती तेव्हा बावीस वर्षांची. लहानपणी देवी येऊन चेहरा व्रणांनी भरलेला, पुढे तापाने वाढ खुंटलेली. उंची सव्वाचार फूट. हिचे लग्न होणार नाही हे घरात ठरून गेले होते आणि आईने तिला घरकामाला जुंपली होती. आई तिला सोडायला तयार नव्हती. बहिणीच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून भावाने आईला सालिना रक्कम बांधून दिली, तेव्हा कोठे सुटका झाली. विल्यमने तिला गाणे शिकवायचे ठरविले होते, आणि शिकविलेही. १७७८ पर्यंत ती बाथच्या जलशांत प्रमुख गायिका म्हणून उभी राहू लागली होती.

पण त्याआधीच, १७७३ मध्ये, भावाने ज्योतिषावरचे एक इंग्रजी पुस्तक विकत घेतले आणि घराचा नूर पालटला. प्रथम त्याने भिंगे आणून लांबच लांब दुर्बिणी करून पाहिल्या. एकीची नळी कॅरोलीनने पुठ्ठ्याची केली. ती इतकी लांब की, आपल्याच वजनाने वाकायची. शेवटी पत्र्याची करावी लागली. मग त्याने एक छोटी आरशाची दुर्बीण भाड्याने आणली. ती पसंत पडली, पण मोठ्या आरशाची किंमत चौकशीअंती परवडण्यासारखी नव्हती. एवढ्यात गावातच एका गृहस्थाचा आरसे घासण्याचा नाद संपुष्टात आला होता. त्याची हत्यारे, साचे, अर्धवट घासलेले आरसे हे सारे हर्शेलने उचलले. दिवाणखान्यात सुताराने नळ्या आणि घोड्या करायला घेतल्या. अलेक्झांडर नावाचा दुसरा भाऊ यंत्रकामात हुशार. त्याने एका निजायच्या खोलीत चरक उभारला. कॅरोलीनने लिहून ठेवले आहे की, घरातली जवळजवळ प्रत्येक खोली कारखाना झालेली पाहून मला वाईट वाटे. हे तिचे वाईट वाटणे फार महत्त्वाचे आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

हे आरसे काचेचे नव्हते. तांबे आणि कथील साधारण दोनास एक ह्या प्रमाणात वितळवून ओतलेला तो पांढरट धातू. तळपाय घासायला आपण वापरतो त्या काशाच्या वाटीचा हा चुलतभाऊच म्हणा ना! काशात तांबे जास्त, म्हणून ते थोडे तरी सोसते. आरशाच्या धातूत कथील वाढविलेले. त्यामुळे झिलई सुंदर चढते, पण ठिसूळपणा काचेसारखा. ओतण्याचा साचा मातीचा, आणि त्या मातीत घोड्याची लीद मिसळायची. लीद खलात कुटून बारीक चाळणीने चाळायची; हे काम घरातल्या सर्वांच्या वाट्याला येई, आणि त्यातला बराच भाग कॅरोलीनच्या. आपल्याकडचे ओतारी साच्याच्या मातीत शेण मिसळतात, त्यांना ह्यात काही नवल वाटणार नाही.

मग घासणे. वाचकहो, ह्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. दोन चकत्या एकीवर एक ठेवून मधे कुरुंदाची पूड आणि पाणी घालून सर्व दिशांनी घासत राहिले की, वरची खोलगट होते, खालची फुगीर. सगळीकडे सारखा लागणारा बाक हा गोलाचाच असतो. म्हणून हात वेडावाकडा चालला तरी आपोआप गोलाचा भाग तयार होतो. निसर्गाने केलेली ही मेहेरबानीच. सात फूट लांबीच्या दुर्बिणीसाठी सहा इंचांच्या आरशाला मधोमध लागणारी खोली पाऊण मिलिमीटरदेखील नसते. पण झिलईच्या वेळी ह्या पृष्ठावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी चूक राहिली तरी तारा पसरट दिसू लागतो. ती चूक मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. राळ-डांबराच्या थरावर आरसा घासायचा, दुर्बिणीत बसवून पाहायचा, काढायचा, पुन्हा घासायचा, बस्स. अखेरच्या झिलईत हात थांबला तर थर आणि आरसा ह्यांचा मेळ बिघडतो. म्हणून एकदा हर्शेलने सलग सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. जेवणाचे घास कॅरोलीनने त्याला भरविले. हाताला काम असले तरी कान मोकळे. तेव्हा ती त्याला अरबी सुरस कथा आणि डॉन क्विक्झोट वाचून दाखवी.

ही जिद्द वेडाच्या सीमेवर केव्हा पोचते ते सांगतो. १७८१ च्या ऑगस्टात त्याने तीन फूट व्यासाचा आरसा ओतायचे मनात आणले. एवढ्या मोठ्या कामाला कारखानदार तयार होईनात, तेव्हा घराच्या तळघरातच भट्टी घातली. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी तो तापलेला रस भट्टीच्या तळातूनच गळू लागला आणि फरशीवर पसरला. तापल्याबरोबर फरशीचे दगड तोफेच्या गोळ्यांसारखे उडून छतापर्यंत गेले. हर्शेल, त्याचा भाऊ आणि ओतारी जीव घेऊन दारांतून पळाले. हर्शेल विटांच्या ढिगावर दमून पडला. बाथमधील ते घर आज संग्रहालय आहे, आणि मागच्या कारखान्यातली तडकलेली फरशी पाहुण्यांना दाखवितात.

ह्या अपघाताच्या पाच महिने आधी ग्रह सापडला होता. १३ मार्च १७८१ ची रात्र. कॅरोलीन जुन्या घरीच मागची आवराआवर करीत राहिली होती. हर्शेल नव्या घराच्या बागेत सात फुटी दुर्बिणीला डोळा लावून होता. आरसा सहा इंचांहून जरासा मोठा. वृषभ आणि मिथुन राशींच्या सीमेवर एक तारा त्याला शेजाऱ्यांपेक्षा स्थूल वाटला. त्याने भिंग बदलून दुर्बिणीची शक्ती २२७ वरून ४६० वर नेली, मग ९३२ वर. तारा कितीही शक्तीने पाहा, तो फारसा मोठा होत नाही. हा त्या प्रमाणात वाढला. म्हणजे त्याला रुंदी होती. हर्शेलला वाटले, धूमकेतू असावा. युरोपातील गणितज्ञांनी कक्षा मांडली तेव्हा कळले की, शनीच्या दुप्पट अंतरावरून सूर्याभोवती फिरणारा हा ग्रह आहे. बाबिलोनच्या काळापासून पाचच ग्रह. सहावा कोणी शोधला नव्हता.

आणि गंमत अशी की, हा ग्रह आधी पुष्कळदा पाहिलेला होता! फ्लॅमस्टीड ह्या राजज्योतिषाने १६९० मध्येच त्याची तारा म्हणून नोंद केली होती. फ्रान्सच्या ल मोनियेने तर तो कित्येक वेळा टिपला. दोघेही पट्टीचे वेधकर्ते. त्यांच्या यंत्रांत तो ठिपका होता, हर्शेलच्या आरशात ती चकती झाली. नशीब म्हणून हा शोध मोडीत काढणारे तेव्हाही होते. हर्शेलने त्यांना उत्तर दिले की, मी आकाश क्रमाने तपासत होतो, त्या रात्री त्याची पाळी आली एवढेच. मला हे म्हणणे शंभर टक्के पटते.

लंडनच्या विद्वानांना मात्र हा माणूस भोंदू वाटत होता. एक गाण्याचा मास्तर सांगतो, माझी दुर्बीण हजारांच्या पटीत शक्ती देते. विश्वास कोणी ठेवायचा? १७८२ च्या मे महिन्यात त्याला राजाचे बोलावणे आले. त्याच महिन्यात इकडे सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी चाललेले इंग्रजांचे पहिले युद्ध मिटत होते, आणि अमेरिकेतील वसाहती तर हातच्या गेल्याच होत्या. अशा कटकटींतही तिसऱ्या जॉर्जला दुर्बीण पाहायची हौस होती, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. हर्शेल आपली सात फुटी दुर्बीण पेटाऱ्यात घालून ग्रीनिचच्या वेधशाळेत घेऊन गेला. राजज्योतिषी मॅस्केलिन ह्याच्या यंत्रांशेजारी ती उभी केली. परीक्षा एका रात्रीत आटोपली. मॅस्केलिन सरळ मनाचा गृहस्थ. त्याने मान्य केले. आपल्या दुर्बिणीला हर्शेलसारखी नवी घोडी करवून घ्यावी असे त्याच्या मनात होते, पण आता आपल्या यंत्राची एवढी तरी लायकी आहे का अशी शंका त्याला येऊ लागली. ही बातमी विल्यमने मोठ्या खुशीने बहिणीला कळविली.

राजाने वर्षाला २०० पौंड तनखा दिला. शिकवण्यांत हर्शेल ह्याहून पुष्कळ जास्त मिळवीत होता. तरी त्याने संगीत सोडले, आणि तूट भरून काढण्यासाठी दुर्बिणी विकायला सुरुवात केली. बिऱ्हाड विंडसरजवळ हलविले. येथे कॅरोलीनचे गाणे संपले.

इतिहासाची पुस्तके हा प्रसंग ‘भावाच्या कार्याला वाहून घेतले’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. मला ते पटत नाही. बर्मिंगहॅमला गाण्याचे आमंत्रण तिला आले होते. भाऊ जिथे वाद्यवृंद चालविणार नाही तिथे गाणार नाही म्हणून तिने ते नाकारले होते. नंतर वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत गाणे सुटल्याची खंत लपत नाही. पाढे तिला शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत. कागदावर लिहून जवळ बाळगायची. आणि हीच बाई भावाच्या अडीच हजार तेजोमेघांच्या नोंदींचे हिशेब करून त्यांच्या याद्या सिद्ध करते! रात्री भाऊ दुर्बिणीवरून ओरडून सांगे, खाली दिव्यापाशी बसून ती वेळ आणि स्थान टिपून घेई. थंडीत शाई गोठायची. १७८३ च्या शेवटच्या रात्री बर्फातून धावताना दुर्बिणीच्या खालचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. सोडवताना मांसाचा लचका तुटला. स्वतःची छोटी दुर्बीण हाती आल्यावर तिने एकूण आठ धूमकेतू शोधले. १७८७ मध्ये राजाने तिला वर्षाला ५० पौंड बांधून दिले. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मर्जीने खर्च करता येतील असे पैसे, असे तिने त्यांचे वर्णन केले आहे. तेव्हा तिचे वय सदतीस.

पुढच्याच वर्षी भावाने लग्न केले. कॅरोलीन वेगळ्या खोलीत राहायला गेली. तेव्हापासूनच्या दहा वर्षांची आपली रोजनिशी तिने नंतर नष्ट केली. इतिहासाच्या अभ्यासकाला कागद नाहीसे झाले की हळहळ वाटते. पण काही कागद नाहीसे होतात हीच माहिती असते. वहिनीशी पुढे तिचे चांगले जमले, एवढे मात्र सांगितले पाहिजे. नाहीतर तुम्ही भलताच तर्क कराल.

हर्शेलची सर्वांत प्रसिद्ध दुर्बीण चाळीस फुटी. १७८९ मध्ये ती पुरी झाली. आरसा चार फूट व्यासाचा, राजाच्या तिजोरीतून गेले ४,००० पौंड. नळी आडवी असताना पाहुणे आतून चालत जात. राजाने एका धर्मगुरूला ‘या, स्वर्गाचा रस्ता दाखवितो’ म्हणून हात धरून आत नेले असे सांगतात. घासायला माणसांची फौज होती आणि ओळखायला सोपे जावे म्हणून त्यांच्या झग्यांवर आकडे घातले होते. शनीचे दोन उपग्रह तिच्या वेळी सापडले हे खरे. पण आरसा वाकायचा, लवकर काळवंडायचा, आणि सारी हलवाहलव होईपर्यंत रात्र संपायची. हर्शेलचे खरे काम झाले ते वीस फुटीवर, दीड फुटाच्या आरशाने. ही मोठी दुर्बीण म्हणजे राजेरजवाड्यांनी पाहायला यायची चीज होती, असे माझे मत आहे. तिच्यात पैसा होता, फौज होती. सोळा तास न उचललेला तो एक हात नव्हता.

धातूच्या आरशाची खरी अडचण अशी की, तो काळवंडला म्हणजे पुन्हा झिलई करावी लागे, आणि पुन्हा झिलई म्हणजे पुन्हा आकार देणे. १८५० नंतरच्या दशकात ती संपली. काचेवर रसायनाने चांदीचा पातळ थर बसविता येऊ लागला. चांदी उडाली तर पुसून नवी चढवायची. काचेचा आकार जसाच्या तसा. फ्रान्सच्या फूकोने १८५८ मध्ये आरसा तपासण्याची रीतही शोधली, आणि ती इतकी स्वस्त की हसू यावे. एक दिवा, त्याच्यापुढे सुईच्या टोकाएवढे भोक, आणि एक धारदार पाते. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे पाते हळूच सरकवायचे आणि त्यामागून आरशाकडे पाहायचे. पृष्ठावरचे अदृश्य उंचवटे टेकड्यांसारख्या छायांनी उठून दिसतात. केसाच्या हजाराव्या भागाची चूक दाढीच्या पात्याने पकडता येते! हर्शेल जे आकाश आणि अंदाज ह्यांवर करीत होता, ते आता कोणालाही अंधाऱ्या खोलीत करता येऊ लागले.

ह्याचा फायदा सामान्य माणसांनी घेतला तो अमेरिकेत. व्हरमाँटमधील स्प्रिंगफील्ड हे यंत्रे करणारे गाव. तिथे रसेल पोर्टर ह्याने १९२० साली आरसे घासण्याचा वर्ग काढला. पोर्टर आधी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांवर जाऊन आलेला, चित्रकार, वास्तुशिल्पी. वर्गात सोळा जण, एक बाई सोडून सारे पुरुष. बहुतेक यंत्रकारखान्यातले कामगार. १९२५ च्या नोव्हेंबरात एका शास्त्रविषयक मासिकात त्यांच्यावर लेख आला आणि ठिकठिकाणचे लोक तळघरांतून काचा घासू लागले. पोर्टरला पुढे कॅलिफोर्नियातील पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामावर नेमण्यात आले. घरच्या घासण्याला तिथे मान मिळाला.

दुसरा माणूस आपल्याला जवळचा. जॉन डॉब्सन, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात १९४४ मध्ये दाखल झालेला रामकृष्णपंथी साधक. विश्व आणि वेदान्त ह्यांचा मेळ घालण्याचे काम त्याच्याकडे होते. मेळ घालायचा तर विश्व पाहायला नको? १९५६ मध्ये त्याने जहाजाच्या खिडकीची बारा इंची जाड काच मिळविली आणि घासून आरसा केला. चंद्र पाहिला आणि हे सगळ्यांनी पाहिलेच पाहिजे असे त्याने मनाशी घेतले. मठात पैसा नाही. म्हणून कुरुंदाऐवजी चाळलेली वाळू, नळीऐवजी पुठ्ठ्याचे गोल खोके, घोडीऐवजी प्लायवूडची पेटी. रात्री गाडा ढकलत तो गल्लीबोळांतून मुलांना चंद्र दाखवीत फिरे. मठाला ते पसंत नव्हते, म्हणून पत्रांतून दुर्बिणीला तो ‘जिरेनियमचे झाड’ म्हणायचा. झाड फुलले, म्हणजे दुर्बीण तयार झाली! १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. त्याने दुर्बीण सोडली नाही. फुटपाथवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ग्रह दाखवी. २०१४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी तो वारला. त्याची ती प्लायवूडची घोडी आज जगभरच्या हौशी लोकांत ‘डॉब्सोनियन’ म्हणून ओळखली जाते. पेटंट त्याने घेतले नव्हते.

आपल्या पुण्यात १८८८ मध्ये विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. वीस इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कारखान्यातून आणलेली. त्या वेळी देशातली सर्वांत मोठी. प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिचे सर्वस्व होते. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकॅनॉलला रवाना झाली. विकत आणलेल्या यंत्राला एकच धनी असला की असे होते. पुढे १९४४ मध्ये पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था निघाली. १९८८ साली स्थापन झालेल्या आयुका ह्या संशोधनसंस्थेने तर शिक्षक-विद्यार्थ्यांना आरसे घासायला शिकविण्याच्या कार्यशाळा भरविल्या. पिंपावर काच ठेवून, तिच्याभोवती पावलापावलाने फिरत, दोन्ही हातांनी वरची काच पुढेमागे करायची. कुरुंद जाड असतो तोवर आवाज जात्यासारखा येतो, पूड बारीक होत जाईल तसा तो कमी होतो.

सहा इंची आरसा अशा रीतीने काही आठवड्यांत पुरा होतो, आणि हर्शेलच्या १७८१ च्या आरशाचा आकार साधारण तोच. काचेवरचा थर मात्र त्याच्या धातूपेक्षा बराच अधिक प्रकाश परतवितो. हर्षलाला सूर्याभोवती एक फेरा करायला ८४ वर्षे लागतात. शोधानंतर तो आपल्या मूळ जागी आला तो १८६५ मध्ये, मग १९४९ मध्ये. २०३३ च्या वसंतात तो पुन्हा वृषभ-मिथुनाच्या त्या सीमेवर, हर्शेलला दिसला होता तिथेच येईल. संध्याकाळी पश्चिमेकडे पाहायचे. शक्ती दोनशेच्या वर ठेवा. फिकट हिरवट चकती दिसेल.